खाचांच्या फळ्या

चारकोप, कांदिवली

प्रिय जान्हवी,

फोनवर मला खोटं जमत नाही आणि खरं सांगवत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. आधी खुर्चीत बस, मग वाच.

दारापुढच्या लाकडी फळ्यांपासून सुरुवात करतो. खाचा पाडलेल्या फळीवर पाय घसरत नाही म्हणून तू हौसेने त्याच निवडल्यास. दोन कमी पडल्या, तेव्हा बाळा सुताराने कडेला साध्या, गुळगुळीत लावल्या. उन्हाळ्यात त्या साध्यांना नख जाईल एवढ्या भेगा पडल्या. खाचांच्या फळ्या मात्र जशाच्या तशा. आई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, बघा माझ्या लेकीची पारख! खरं तर भेगा त्यांनाही पडल्या होत्या, बारीक, खाचांच्या तळाशी. वरून दिसत नव्हत्या इतकंच.

त्यात तुझी आई. अंगण मातीचं असो की लाकडाचं, सकाळी सडा पडलाच पाहिजे, तोही शेणाचा. अगं, लाकडाला कसला सडा, असं मी म्हटलं, तर म्हणाली, लेकीच्या घरी पाळणा हलायचाय, दार कोरडं ठेवू? ऊन होतं तोवर निभावलं. पावसात खाचांमध्ये शेण बसलं, त्यावर पाणी, त्यावर शेवाळ. बाळा सुताराने फळ्या उताराला आडव्या ठोकलेल्या, पाणी निघणार कुठून? भेगाळलेल्या साध्या फळ्या उघडीप मिळाली की वाळायच्या, खाचांच्या ओल्याच राहायच्या. पण यात तुझा दोष मुळीच नाही. हे वाक्य परत वाच.

गेले काही दिवस आई फोनवर नुसता चेहरा दाखवते, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिच्यामागची ती पांढरी उशी आपल्या घरची नाही, जान्हवी. मंगळवारी सकाळी सड्याची बादली घेऊन ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण निदान तीन महिने तिला आधाराशिवाय चालता येणार नाही. भूल उतरल्यावर पहिलं बोलली ते हेच, की जान्हवीला कळू देऊ नका, ती मनाला लावून घेईल.

पण न सांगून कसं चालेल? तुला डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, आणि तुझ्या बाळंतपणाला आई आता येऊ शकत नाही. तेच सांगायला हे लिहिलं. सुलक्षणाआत्या आईजवळ राहील, बंगलोरला मी येईन. बाळाला न्हाऊ घालणं आपल्याकडे कधी पुरुषाच्या हाती आलं नाही, म्हणून आई खाटेवरून शिकवतेय. मी पाय पसरून, पायांवर उशी घेऊन बसतो, ती मान धरा, मान धरा म्हणून ओरडते. काल उशी हातातून सुटली. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला फार भीती वाटते गं. तरी येऊ ना?

तुझाच,
बाबा