तोंडातले खिळे

प्रिय ढब्बू,

रोज रात्री फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर आपण बोलतो तरी काय? तू जेवलात का विचारतेस, मी ठणठणीत आहे म्हणतो. मी कशी आहेस विचारतो, तू मजेत म्हणतेस. बापलेक दोघेही पक्के थापाडे!

तर बातमी अशी की माझी दाढ मोडली. तीही दुधात बुडवलेला पाव खाताना. शेजारचा शिंपी हसून हसून लोळला. खरं तर तुझी आई गेल्यापासूनच जबडा आखडला होता. सकाळी उठलो की कानशिलं ठणकायची. कामातही लक्ष लागेना. जन्मभर सुतारकाम केलं, आणि मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचं कपाट असं बनवलं की दार बंदच होईना. वय झालं असेल, म्हणून मनावर घेतलं नाही. तुला आठवतं ना, काम करताना मी तोंडात खिळे धरायचो? तेही जमेना. तुझी आई नेमकी खिळे तोंडात असतानाच भांडण उकरून काढायची, कारण मला उलट बोलता यायचं नाही. मनसोक्त सुनावून झालं की चहा ठेवायला जायची. माझे खिळे संपेपर्यंत भांडणही संपलेलं असायचं.

दातांच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. तोंडात बघून म्हणाल्या, काका, तुम्ही झोपेत दात खाता, दाढा पार झिजल्यात, एवढा राग कोणावर? मग सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. तोंडात कापसाचे बोळे, उत्तर देता येईना, आणि मला एकदम वाटलं की तुझी आईच बोलतेय आणि माझ्या तोंडात खिळे आहेत. ढसाढसा रडलो गं. ती गेली त्या दिवशीही असा रडलो नव्हतो. बाईंना वाटलं दुखतंय, त्यांनी आणखी एक इंजेक्शन ठोकलं! खुलासा करेपर्यंत अर्धं तोंड बधिर. तशाच बोबड्या बोलात तुझ्या आईबद्दल बोलत सुटलो. बाहेर माणसं ताटकळली होती, तरी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, दुःख गिळून बसलं की शरीर ते कुठेतरी काढतंच, तुम्ही जबड्यावर काढलंत. आठवण येते ती येतेच, पण मला आता झोप लागते. त्या कपाटाचं दारही काल नीट बसवून आलो.

परवा जावईबापूंचा फोन आला. तिला सांगू नका म्हणाले, म्हणून लगेच सांगतो. तुझी मान आखडलीय, केसांचे पुंजके निघतात, पोरांवर उगाच खेकसतेस, आणि तपासण्यांत काहीच सापडत नाही. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच दुखणं. तू माझ्यासाठी घट्ट राहिलीस, मी तुझ्यासाठी. पुरे झालं आता. हे पत्र मिळालं की फोन कर, पण जेवलात का विचारू नकोस. आईबद्दल बोल. रडू आलं तर रड, मी समजूत घालणार नाही. आणि मध्येच मी गप्प झालो तर घाबरू नकोस. बाबांच्या तोंडात खिळे आहेत असं समज, आणि तू बोलत राहा.

तुझाच,
एका दाढेने हलका झालेला
बाबा