तिकडची चिमी

३ फेब्रुवारी, मंगळवार
स्टेशनरीच्या दुकानात ब्राउन पेपरचा गठ्ठा दिसला आणि ती दुपार आठवली. चिमी सात वर्षांची. जमिनीवर वह्या-पुस्तकं पसरलेली. मी कव्हरं घालतेय, ती लेबलं जिभेने ओली करून चिकटवतेय. "आई, तू कात्री काय मस्त चालवतेस!" मी मान वर न करता म्हटलं, "इन इंग्लिश, प्लीज." मग बाकीची लेबलं तिने मुकाट्याने लावली.
तेव्हा काहीच वाटलं नव्हतं मला.
टॅब्लेटवर, म्हणजे 'तिकडे', आज साडेतीन तास. चिमीची आंघोळ, गृहपाठ, केक. पुन्हा केक.

५ फेब्रु., गुरु.
हा खेळ माझ्या नातीने, सईने, दिवाळीच्या सुट्टीत शिकवला. घर बांधायचं, माणसं ठेवायची, मुलं वाढवायची. भूक, झोप, शू, मजा, प्रत्येकाची एक हिरवी पट्टी. पट्टी लाल झाली की मूल रडतं. फारच दुर्लक्ष झालं तर एक बाई येऊन मूल घेऊन जाते. माझ्याकडे ती कधी आलेली नाही.
"आजी, बेबीचं नाव?" सईने विचारलं होतं. बघू म्हटलं. ती डोंबिवलीला परत गेल्यावर ठेवलं. तिच्या आईचंच. वय वाढण्याचं बटण बंद केलंय. तिकडे चिमी सातचीच राहते.
तिकडची माणसं बोलतात ती कुठलीच भाषा नाही, नुसतं गुलूगुलू. त्यात चूक काढता येत नाही. मी तिकडे इतकी चांगली आई का आहे, त्याचं कारण बहुतेक हेच.

९ फेब्रु., सोम.
चिमीचा, म्हणजे खऱ्या चि.चा फोन. सईला दुपारी सांभाळणाऱ्या बाई गावी चालल्या, आता येणार नाहीत. "तू येशील का गं? शाळेतून आली की जेवायला घाल, बास. सहाला मी घरी असते."
मी म्हटलं, "गुडघा गं. जिना चढवत नाही."
"आमच्याकडे लिफ्ट आहे, आई."
"स्टेशनचा जिना."
"बरं. मग डे-केअर बघते."
डे-केअर म्हणते. 'पाळणाघर'मधला प तिला अजून सुटत नाही. अडतो, म्हणून ती शब्दच बदलते. इतकं सफाईने की तिच्या नवऱ्यालाही कळत नसेल. मला कळतं. कधी सुरू झालं तेही माहीत आहे. तिसरीत. संध्याकाळी चार ते सहा घरात फक्त इंग्रजी. चुकली की वाक्य पहिल्यापासून. रडली तरी पहिल्यापासून. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी मला असंच शिकवलं, माझं काय बिघडलं, असं मी ह्यांना म्हणायची. हे पेपर खाली ठेवून गॅलरीत जायचे.

११ फेब्रु., बुध.
शेजारच्या कुंदाताई जिन्यातच: "काय हो, चिमीचा फोन होता. आईच्या गुडघ्याकडे लक्ष ठेवा म्हणाली. मग सकाळी तलावपाळीला फिरताना माझ्या पुढे कशा पळता?" आणि खो खो हसल्या. मीही हसले. काय करणार.
गुडघे ठणठणीत आहेत. कुठेतरी लिहायलाच हवं, इथे लिहिते.
खरं कारण दिवाळीतलं. सई सांगत होती, "आजी, मी गार्डनमध्ये गेलेली." मी म्हटलं, "गेले होते." पुढच्या वाक्याला परत. आणि परत. मग तिने बोलणंच सोडलं, पाण्याच्या तांब्याकडे नुसतं बोट केलं. तो चेहरा मी ओळखते. मला वाटलं होतं, वयाने गेली असेल माझी ती सवय.
रोज दुपारी, एकटी, त्या मुलीबरोबर? नको.
पण हे चि.ला कसं सांगणार?

१५ फेब्रु., रवि.
दोघी आल्या. चि.ने माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला. बाहेर काढून, वाकून, स्वतः बांधला. मी बांधू दिला.
मी आमटीला फोडणी देत होते तेवढ्यात सई बाहेरून ओरडली, "आई, हे बघ! आजीकडे छोटी तू आहेस! चिमीच नाव आहे! आजी तिला रोज केक देते!"
बाहेर आले तर टॅब्लेट चि.च्या हातात. ती बराच वेळ बघत होती. आज किती तास, काल किती तास, सगळं तिथे दिसतं.
"रोज चार-चार तास, आई?"
मी हात पुसले.
"हिला ओरडतेस का गं?"
"नाही."
"कधीच?"
"कधीच नाही."
"मजा आहे हिची." टॅब्लेट सोफ्यावर उपडा ठेवला आणि ताटं घ्यायला गेली. जेवताना नेहमीसारखं बोलली. आमटी छान झालीय म्हणाली.
पट्टा त्या गेल्यावर सोडला. पायावर वळ.

१६ फेब्रु., सोम.
दुपारी फोन केला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. "गुडघ्याला काही झालेलं नाही."
"माहितीये. काल बांधताना कळलं. तू साधं हं सुद्धा केलं नाहीस."
"मग बोलली का नाहीस?"
"तुला यायचं नव्हतं. त्यात काय बोलायचं?"
मग मी सांगितलं. बोट केलेलं, तांब्या, सगळं. तिचं तिसरीचं वर्षही. वाक्यं धड जुळत नव्हती माझी.  
मग म्हणाली, "सई दिवाळीत घरी येऊन म्हणाली, आजीला माझं बोलणं आवडत नाही."
"मला येऊ दे, चिमी. येत्या सोमवारपासून."
"सुधारल्याशिवाय ऐकता येईल तुला? एक अख्खी दुपार?"
हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "माहीत नाही."
"हं. निदान खरं बोललीस. मला... मला प... प..." मी थांबले. तिच्यासाठी शब्द पुरा केला नाही. जिभेवर आला होता. "परत विचार करून सांगते," ती म्हणाली.

२० फेब्रु., शुक्र.
अजून फोन नाही. डे-केअरमध्ये सईला जागा मिळाली असं जावयांच्या मेसेजवरून कळलं. चि.चं काही नाही. वाट बघण्याचा हक्कही नाही खरं तर.
तिकडे वय वाढण्याचं बटण चालू केलं. मी बघत बसणार नाही.
कपाट आवरायला काढलंय. विसरायला नको म्हणून इथेच लिहून ठेवते.
टॅब्लेट सईला. त्यातलं घर, माणसं, सगळं तिचं. नाव बदलायचं तर बदलू दे.
शाळेची माझी मेडल्स आणि व्याकरणाची पुस्तकं रद्दीत. घरातल्या कुणालाही देऊ नयेत.
मोत्यांच्या कुड्या चि.ला. मोठी पातेली कुंदाताईंना, त्यांच्याकडे माणसं फार येतात.
ही वहीसुद्धा चि.ला. तिने हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी. मी समोर नसताना वाचावी, म्हणजे मला मध्ये बोलता येणार नाही.