नवा प्रोसेसर आणि जळकोटच्या अव्वा

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या स्टुडिओत एकच कॉम्प्युटर होता आणि त्यावर तुम्ही फक्त पत्त्यांचा डाव मांडायचात. आता सगळं काम त्याच्यावरच चालतं. नळदुर्गात लग्नाचा अल्बम कुणी धड उघडत नाही, सगळ्यांना फिल्म हवी असते, आणि ती जोडायची म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर दमदार लागतो. प्रोसेसर म्हणजे आतली चौकोनी चिप, सगळी आकडेमोड तीच करते. माझा प्रोसेसर आठ वर्षांचा झाला होता आणि वर्षभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, नवा आत्ता घ्यायचा की थांबायचं. सोलापूरचा दुकानदार म्हणायचा, घेऊन टाका. मग त्याच दमात सांगायचा की दिवाळीला याच्या पुढचा येतोय. नवा घ्यावा तर तो जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, बोर्ड बदलला की रॅमही बदला, म्हणजे जुनं काय राहणार तर बाहेरचं खोकं. घरी येऊन मी मोबाइलवर तुलनेचे व्हिडिओ बघत बसायची. एक सांगायचा घ्या, दुसरा म्हणायचा आत्ता घेणारा वेडा. तोवर गॅसवरची भाजी करपायची. आई माझ्याकडेच असते, ती शेवटी म्हणाली, "एवढी चौकशी तर तुझं स्थळ बघतानाबी केली न्हवती आमी." हसू आलं आणि रागही आला.

यात तुमचाही वाटा आहे. रोल संपल्याशिवाय कॅमेऱ्याची पाठ उघडायची नाही, आत उजेड गेला की काढलेलं सगळं जातं, हा तुमचा नियम. छत्तीस फोटो पुरे होईपर्यंत पासपोर्ट फोटोवाल्यांना तुम्ही परवा या म्हणून वाटेला लावायचात. मी आठ-नऊ वर्षांची असेन, कॅमेऱ्याच्या खिटीला नुसतं बोट लावलं, तर गिऱ्हाइकासमोर माझा हात झटकलात. "आत लोकांचं लगीन हाय," एवढंच म्हणालात. ते मनात असं बसलं की हातात अर्धी फिल्म असताना कॉम्प्युटरचं खोकं उघडायचं नाही, हे मी कुणी न सांगता पाळत आले. लग्नसराईत हातात अर्धी फिल्म नाही असा दिवस उगवतच नाही. एक दिली की दोन येतात. त्यामुळे माझी दोन्हीकडून सोय झाली. काम संपेना म्हणून थांबायचं, आणि नवं मॉडेल येणार म्हणूनही थांबायचं.

वैशाखात जळकोटच्या अव्वा लेकाचा हात धरून स्टुडिओत आल्या. त्यांच्या नातीच्या लग्नाचं शूटिंग आपल्याकडे होतं. काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याचेही थोडेच दिवस राहिलेत असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"पोरी, अक्षता पडताना मला तुमच्या लोकांच्या पाठीच दिसल्या," त्या म्हणाल्या. "नातीचं तोंड काय दिसलं न्हाय. डोळ्यात उजेड हाय तवर दाव."

खरंच होतं ते. स्टेजवर कॅमेरे घेऊन आम्ही चौघं आडवे उभे होतो आणि त्या खाली पहिल्या रांगेत होत्या. मला लाज वाटली. पंधरा दिवसांत देते म्हणाले.

नव्या कॅमेऱ्याचं चित्रण भलतंच जड असतं. सलग फिल्म तयार होत असताना मशीन निम्म्यावर येऊन अडकायचं. जरा धुरकट फिल्म तासाभरात निघाली असती, पण ज्यांची नजर जातेय त्यांना धुरकट काय द्यायचं, असं माझं मीच ठरवलं. नवा प्रोसेसर येऊ दे, मग लख्ख काढून देऊ. पंधरा दिवसांचा महिना झाला. लेकाचा फोन आला की मी म्हणायची, चालूच आहे. आषाढ लागला. मग नव्या मॉडेलची तारीख पुढं गेल्याची बातमी वाचली आणि त्या चिडीत मी जुन्याच मशीनवर फिल्मचे आठ तुकडे करून एकेक तयार केला, शेवटी जोडले. सगळं मिळून दोन दिवस लागले.

पेनड्राइव्ह घेऊन मीच जळकोटला जाते. टीव्ही बैठ्या कपाटावर आहे, अव्वा त्याला खेटून पाटावर बसतात. थोड्या वेळानं त्या सुनेला विचारायला लागतात, आता कोण आलं, आता काय चाललंय. सून सांगत राहते. अक्षतांच्या वेळी नातीचा चेहरा पडदाभर येतो, तिथं मी मुद्दाम चित्र संथ केलेलं. सून म्हणते, ही बघा तुमची नात. अव्वा चाचपत पडद्यावर हात ठेवतात. मग अंदाजानं माझ्याकडं मान वळवून म्हणतात, "आवाज लई चांगला आलाय बग, पोरी."

परतताना एसटीत मला कळलं की तुमचा नियम मी अर्धाच उचलला होता. नोकरीचा फॉर्म घेऊन कुणी नडलेला आला, की उरलेले फोटो तुम्ही घरात येऊन उडवायचात. भाकरी थापणारी आई, परकरातली मी, एकदा तर नुसतं चुलीवरचं कालवण. आपल्या घरचा एकही फोटो हौसेनं काढलेला नाही, सगळे दुसऱ्या कुणासाठी रोल संपवताना काढलेले. तुम्ही वाट बघत बसत नव्हतात. दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाऊन काउंटरवर होता तो प्रोसेसर उचलला, पुढचा कधी येणार ते विचारलं नाही. आता तीच फिल्म वीस मिनिटांत निघते. कारण नसताना मी ती पुन्हा काढून बघितली. आत्ता हे लिहितानाही बसवत नाही, दारात जाते, परत येते, परत खुर्चीवर टेकते.

हे कुठं धाडायचं नाही म्हणून लिहिता येतंय. जळकोटला लेकानं मला विचारलं होतं, एवढा उशीर का झाला. मी म्हणाले, कॉम्प्युटर बिघडला होता. त्यावर अव्वांनीच मला धीर दिला, यंत्र हाय, बिघडायचंच म्हणाल्या. अण्णा, कॉम्प्युटर एक दिवसही बिघडला नव्हता.