शेवटची दहीपुरी

शुक्रवार, संध्याकाळ
मलकापूर

मन अजून ठिकाणावर नाही.

नसरीन आणि मी एकाच दुकानात ब्लाउज शिवतो. दर शुक्रवारी घरी जाताना गाड्यावर दोघींत मिळून एक दहीपुरी खायची, हे ठरलेलं. "मला अख्खी प्लेट झेपत न्हाई गं," ती म्हणायची आणि शेवटची पुरी माझ्याकडे सरकवायची. त्या पुरीची मी आठवडाभर वाट बघायची. तेवढी चैन मला पुरत होती.

आज ती लवकर निघाली. मी गाड्यावर पोचले, तर ती आणि तिची जाऊ तिथे आधीच खात उभ्या. दोघींच्या हातात वेगवेगळ्या प्लेटी. नसरीनची तर दुसरी.

"आज झेपली की!" मी म्हटलं.

ती गडबडली. "अगं, तुझ्या नवऱ्याचं काम सुटलंय. तुला अख्खी परवडायची न्हाई, म्हणून मी अर्धीवर भागवायचे."

जाऊ मान खाली घालून खात राहिली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मग ती शेवटची पुरी... ती माया होती की कीव? मी आपली समजत होते, आम्ही दोघी सारख्याच.

त्या गेल्यावर गाडेवाल्याने विचारलं, "ताई, अर्धीच करू का?"

"अख्खी कर."

हट्टानं खाल्ली. शेवटच्या पुरीशी मात्र हात थांबला. ती कुणीतरी माझ्याकडे सरकवायला हवी होती.