डावा खांदा

१२ नोव्हेंबर

पोचलो. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी उघडली की समोर नदी. ह्यांनी नदी बघितलीच नाही, आधी पडदा बघितला. म्हणे, खालची दुमड वाकडी आहे. झालं! इतक्या लांब आलो तरी शिंपीपण काही खुंटीला टांगवत नाही.

लॉजवाली बाई भलती बोलकी. चहा ठेवता ठेवता सगळं गाव तिने पाठ म्हणून दाखवलं. घड्याळाच्या मनोऱ्यावर चढा, संग्रहालय इवलंसं आहे पण बघा, संध्याकाळी जुन्या पुलावर जा. आणि होडीतून बेटावर गेल्याशिवाय परत जायचं नाही! हिरव्या छताच्या होडीतच बसा, पोरगा गुणी आहे. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या हिरव्या छतासाठीच तर आलोय.

इथेच लिहून मोकळी होते. लेकीने त्या होडीवाल्याशी लग्न ठरवलंय. ऑफिसच्या सहलीला म्हणून या गावात आली आणि जाताना मन इथेच ठेवून गेली. हे म्हणाले, ज्याचं पोट पाण्यावर, त्याला मुलगी द्यायची नाही. ती म्हणाली, मग तुमच्याशिवाय करीन. तेव्हापासून मैत्रिणीकडे राहते, बापाशी बोलत नाही. दोघं एकाच माळेचे मणी! शेवटी मीच म्हटलं, नाही म्हणायचं तर निदान बघून म्हणा. तयार झाले, पण अट घातली — आपण कोण, ते सांगायचं नाही. लेकीला सांगितलंय की मावसबहिणीकडे चाललोय.

१३ नोव्हेंबर

मनोरा केला. हे गुडघ्यांमुळे खालीच. मी मात्र चढले, वरपर्यंत! वरून घरांची कौलं, धक्का, आणि धक्क्याला हिरवं छत. खाली आले तर हे बाकावर बसून तिकडेच टक लावून. काय बघताय विचारलं, तर म्हणे पुलाचं बांधकाम. पूल पाठीमागे होता.

मग संग्रहालय. काचेच्या कपाटात कुणा जुन्या अधिकाऱ्याचा कोट. हे काचेला नाक लावून उभे. पाठीतली शिवण नंतर कुणीतरी मारलीये आणि फार वाईट मारलीये, हे रखवालदाराला सविस्तर समजावलं. तो बिचारा मान डोलावत राहिला. मला हसू आवरेना. असा हा माणूस, याच्यावर रागवायचं तरी कसं?

१४ नोव्हेंबर

बसलो एकदाचे होडीत!

पोरगा उंच, कान जरा पुढे आलेले, बोलणं बेताचं. एक पाहुणा लाइफ जॅकेट घालायला तयार नव्हता. पोराने वाद घातला नाही, फक्त वल्ही आत घेतली आणि बसून राहिला. पाणी वरून शांत दिसतं, पण खाली ओढ आहे, एवढंच म्हणाला. पाहुण्याने निमूटपणे जॅकेट चढवलं. ह्यांनी ते बघितलं. ह्यांनी बघितलेलं मी बघितलं.

मला बसायला त्याने उशी दिली. अभ्रा बघते तर लेकीच्या हातचा! ह्यांची नजर जायच्या आत मी तिच्यावर बसकण मारली. बेट सुंदर आहे म्हणतात. ह्यांनी ते पाहिलं नाही. छताचा एक कोपरा उसवून फडफडत होता, सगळा वेळ डोळे तिथेच.

खोलीवर आल्यावर निकाल दिला: "डावा खांदा उतरता आहे पोराचा. कुठलाच कपडा धड बसायचा नाही अंगावर." म्हटलं, लेक कपड्याशी लग्न करत नाहीये.

मला आवडला पोरगा. लिहूनच टाकते. फार आवडला.

१५ नोव्हेंबर, सकाळी

उठले तर हे खोलीत नाहीत. सुई-दोऱ्याचा डबाही नाही!

१५ नोव्हेंबर, दुपारी

धक्क्यावर सापडले. होडीत फळीवर बसून छत शिवत होते आणि पोरगा कापड ताणून धरून समोर बसलेला. म्हणे, फडफड बघवत नव्हती. मी धक्क्यावरच थांबले. मोडता कशाला घाला? हे विचारत होते, नदी फुगते तेव्हा काय करतोस. तो सांगत होता की होड्या वर ओढतो, इंजिनं दुरुस्त करतो, हात रिकामे ठेवत नाही. मग कसल्यातरी गोष्टीवर दोघं हसले. हे हसले! किती दिवसांनी.

आणि मग सगळं बिनसलं. शिवून झालं तसं पोराने शेवटच्या टाक्यावरून अंगठा फिरवला. मग ती उशी आणून ह्यांच्यासमोर ठेवली.

"काका, शेवटचा टाका उलटा घेतलाय तुम्ही. ती म्हणाली होती, असा टाका फक्त आमचे बाबा घेतात. आणि त्यांनी शिकवला म्हणून मी."

ह्यांनी उशी हातात घेतली, उलटीसुलटी केली, खाली ठेवली. डबा बंद केला आणि चालते झाले. स्वतःची अट स्वतःच्याच सुईने उसवली, आणि राग कुणावर?

पोरगा खाली मान घालून उभा. "काकू, माझं चुकलं का?"

काय सांगणार? छत छान झालंय म्हटलं आणि ह्यांच्यामागे धावले. पूल राहिलाच.

१६ नोव्हेंबर

परत. निघताना लॉजवालीने विचारलं, काय काय बघितलंत? हे म्हणाले, सगळं बघितलं. बाकी बसमध्ये तोंडाला कुलूप. मी खिडकीकडे तोंड करून रडले. ह्यांनी रुमाल पुढे केला. आता लेक कायमची दुरावणार. माझीच अक्कल, म्हणे बघायला चला!

१७ नोव्हेंबर

सकाळी दुकानात गेले तर हे टेबलाशी. कपाटात वर्षानुवर्षं जपलेलं कोटाचं भारी कापड पसरलेलं, हातात खडू. कुणाचा कोट, विचारलं. मान वर केली नाही.

"डावा खांदा अर्धं बोट उतरता धरलाय. बाहीचा मात्र अंदाज येत नाहीये. तिला विचार."

मी फोन लावला, आणि ह्यांच्याच कानाला धरला.