पाळीवर बसलेले दिवस

बाबा,

डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर माहीत असलेलं आता घरात माझ्याशिवाय कोणी उरलं नाही, म्हणून लिहिते आहे. प्रश्न असा होता: तुमच्या घरात पूर्वी कोणी तापातून उठल्यावर असं गप्प झालं होतं का? मी म्हटलं, आठवून सांगते. शाळा तपासायला साहेब आले आणि एखादी गोष्ट लगेच सांगायची नसली की मी असंच म्हणते.

यंदा आपल्याकडे चिकुनगुन्याची साथ आहे. सावली तालुक्यापासून थेट नदीपलीकडच्या गावांपर्यंत माणसं वाकून चालताहेत. मी शाळेत प्रार्थनेच्या वेळी खाली बसले ती उठलेच नाही. शिक्षकांनी जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. ताप लवकर उतरला, सूज उतरली नाही. मनगटं, घोटे, बोटांची पेरं, सगळं फुगलेलं. डॉक्टर म्हणायचे, मूठ मिटा. मी मिटायची आणि मधे एक पेरू मावेल एवढी जागा उरायची. दुखणं मी सहन करू शकते, ते तुम्हाला माहीत आहे. पण दुखण्याच्या मागोमाग दुसरंच काही आलं. दहावीच्या मुली भेटायला आल्या. मी त्यांच्या वेण्यांकडे पाहिलं, रिबिनी नीट बांधलेल्या होत्या. बस. आनंद नाही, राग नाही, या कशाला आल्या असंही नाही. पावसाचं पाणी गच्चीवरून ठिबकत होतं आणि मुली बोलत होत्या, दोन्ही आवाज मला सारखेच. त्या गेल्यावर मी सिस्टरकडून कागद मागून घेतला आणि राजीनामा लिहिला. अक्षर दुसरीतल्या मुलासारखं आलं. ज्या शाळेत मी नोकरीची सगळी वर्षं काढली, तिच्याशिवाय मला दुसरं काही नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत होतं, वाटत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर धानपट्ट्यातली एक बाई होती. धानाची रोपं लावणाऱ्या, रोवण्याच्या बायांची टोळी घेऊन जाणारी, बोलण्यात फटकळ. मी मुख्याध्यापिका म्हणून मला सगळे मोठ्या बाई म्हणतात, तीही तेच म्हणायची. एका दुपारी म्हणाली, "मोठ्या बाई, एकडाव रडून घ्या न. मी त सकाळपासून दोनदा रडली."

"मला येत नाही."

"मंग माह्या वाटचं घ्या. माह्याजवळ लय हाये." ती हसली आणि लगेच जबडा धरून बसली, कारण तिचा जबडाही सुजला होता. मग भिंतीकडे पाहत म्हणाली, "सासू म्हणते, ताप त उतरला, आता काऊन बसून राह्यलीस? तिले काय सांगू? रोवणा चालू हाये. बाया बांदीत गाणे म्हणून राह्यल्या असतीन. अन् मले त्याचं काईच वाटत नाई, बाई. वाईट बी नाई वाटत."

डॉक्टर मागे उभे राहून ऐकत होते. तरुण मुलगा आहे, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "अंगातली सूज सांध्यांतच थांबते असं नाही. ती मनालाही धरते, असं आता काही जण म्हणतात. किती आणि कशी, ते मला नक्की सांगता येणार नाही. पण तुम्हा दोघींना झालंय तो आळस नाही." त्यानंतर त्याने तो घरातला प्रश्न विचारला. उशीखालचा कागद दिसला, तेव्हा त्याबद्दलही विचारलं. मी म्हटलं, निर्णय झालेला आहे. तो म्हणाला, "मग सूज उतरेपर्यंत तो झालेलाच राहील. द्यायची घाई नको."

तेव्हापासून तुम्ही दिसता आहात. मी आठवीत असेन. गावात लंगडा ताप आला होता, हाडं मोडणारा. हाच असावा, तेव्हा नाव कोणी सांगितलं नाही. तुमचा ताप उतरला, घोटे सुजलेले राहिले आणि तुम्ही तलावाच्या बांधावर, त्या पाळीवर, जांभळाखाली जाऊन बसू लागलात. सकाळी जायचं, ऊन डोक्यावर आलं की यायचं, जेवून पुन्हा जायचं. आई चुलीपुढे बसून बोटरी तळते आहे. तुमच्या आवडीची मासोळी, पण ताटाकडे तुमचं लक्ष नाही. आई विचारते, "ताप उतरला न?" तुम्ही म्हणता, "उतरला." "मंग?" "मंग काई नाई." आई कढई खाली उतरवते, जरा जोरातच. मी पाढे म्हणत असते, ते थांबतात. घरात त्याहून जास्त बोलणं झालेलं मला आठवत नाही. शेजारपाजारी म्हणायचे, मासे धरनाऱ्या ढिवराले पाण्याची बाधा झाली. कोणी म्हणायचं, आयतं खायची सवय लागली.

एका सकाळी तुम्ही कुंपणावरचं फेकजाळं काढलंत आणि काकांच्या हातात दिलंत. काका म्हणजे तुमच्याबरोबर एकाच डोंग्यात बसून तलावात जाळं टाकणारे, नात्याने कोणी नाहीत. तुम्ही म्हणालात, "घेऊन जा. माह्याच्यानं होत नाई." काका जाळं घेऊन गेले. आईने पदर तोंडाला लावला. जाळं गेलं म्हणजे तलावातला आपला हक्क गेला, एवढं मलाही कळत होतं.

पण आपल्या तलावाचा एक रिवाजही होता: मोठं जाळं ओढताना ज्याचा हात दोराला लागला, त्याला वाटा. म्हातारीने नुसता धरला तरी वाटा. हात नाही तर मुखियालाही नाही. जाळं ओढायच्या दिवशी काकांनी दोराचं मागचं टोक पाण्याबाहेर काढलं, चिखलातून ओढत पाळीवर आणलं आणि तुमच्या मांडीवर टाकलं. मी शाळेला निघाले होते, दप्तर घेऊन तिथेच उभी राहिले.

"धर."

"मी ओढत नाई."

"ओढ कोण म्हणते? धर मून राह्यलो. सोडलास त पाण्यात फेकीन तुले."

खालून कोणी ओरडलं, "फेकू नोको गा, मासोळ्यायले ताप येईन!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहरा तसाच राहिला, फक्त सुजलेली बोटं दोरावर गेली. दोर तुमच्या हातातून सरकत होता, तुम्ही त्याला अडवतही नव्हता, ओढतही नव्हता. संध्याकाळी आपला वाटा घरी आला. जाळंही पुन्हा कुंपणावर लटकलेलं होतं. मला फार राग आला. मी म्हटलं, बाबा, ही भीक आहे. तुम्ही म्हणालात, "भीक नोहे ते. हात होता माहा."

पुढे धान कापून झाल्यावर केव्हातरी तुमच्याकडचा दोर ताणला गेला, तुम्ही ओढू लागलात, असं आई सांगायची. मी पाहिलं नाही. तुम्ही त्याबद्दल शेवटपर्यंत काही बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर आमच्या सहायक मुख्याध्यापिका आल्या होत्या. माझ्याहून पुष्कळ लहान, तोंडाच्या स्पष्ट. म्हणाल्या, "मोठ्या बाई, रजा घ्या, पण रोज प्रार्थनेला येऊन नुसत्या बसा. बोलायचीही गरज नाही. पोरं तुमच्या खुर्चीलाच भितात."

"मग खुर्चीच ठेवा."

"खुर्ची एकटी राह्यली की दोन दिवसांत समजते त्यांना."

मी त्यांना चहाही विचारला नाही. त्या गेल्यावर राजीनामा पाकिटात घातला, वर पत्ता लिहिला. दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी पुन्हा जिल्ह्याला जायचं होतं, तिथूनच पोस्टात टाकणार होते. आधी डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. हो, वडील. ते म्हणाले, "मग बरे झाले का?" मी म्हटलं, "कामावर होते. बरे केव्हा झाले, ते त्यांनी सांगितलं नाही." त्यांनी मान हलवली आणि मनासाठीच्या गोळ्या लिहून दिल्या. मी त्या घेतल्या. पोस्टावरून येताना गाडी थांबवली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवायला हरकत नाही. हे सगळं आठवताना मला रडू येईल अशी माझी अपेक्षा होती. आलं नाही. बोटं दुखली, एवढंच.

आज शाळेत जाऊन चार्ज दिला, रजेपुरता. सहायक बाईंना सोपवलं: कार्यालयाच्या किल्ल्या, शाळेचा शिक्का, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली. त्यांनी मोजून घेतलं. राजीनामा दिला नाही.