आई कुणाच्या गाडीत?

एस्कलान्टे, युटा
१४ एप्रिल

चि. सौ. मार्वा हिस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या नव्या पिकअपची बातमी मला तुझ्याकडून नव्हे, आईकडून कळली. मी तिच्या गुडघ्याला मलम चोळत होते आणि ती तुझ्या गाडीचे गुण गात होती. टॉप मॉडेल म्हणे! कातडी सीटा, त्याही गरम होणाऱ्या, आणि दार उघडलं की पायरी आपोआप खाली येते. नवरा दातांचा डॉक्टर, तेव्हा शोभतं बाई तुला. माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते पुढंच. मे अखेरच्या डेकोरेशन डेला आईला बाबांच्या थडग्यावर फुलं वाहायला तू नेणार, असं परस्पर कबूल करून बसलीस? बाबा गेल्यापासून अकरा वर्षं कॉटनवुडच्या दरीतून तिला वर मी नेते आहे. दुधाचा क्रेट पालथा घालून, काखेत हात घालून तिला गाडीत मी चढवते. आणि तू सेंट जॉर्जहून एक दिवस उगवणार नि आयतं श्रेय घेणार! रागावले नाहीये मी. जळतेय, सरळ सांगते.

एक विचारते. तुझ्या टॉप मॉडेलला मागचं डिफरन्शियल, ते दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटून देणारं, कुठलं? दरीतल्या ओढ्याच्या वाळूत एक चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की गरम सीट गाडी ढकलायला उतरत नाही. मीसुद्धा गाडी बुक केली आहे. त्याच कंपनीची, सगळ्यात खालचं मॉडेल. सीटा कापडी, रेडिओ नावापुरता. पण मागचा डिफ लॉक मुद्दाम वेगळा सांगून घेतलाय. बटण दाबलं की मागची दोन्ही चाकं बरोबरीनं फिरतात, एकाला मागं राहायची मुभाच नाही. बघू कोण वर पोचतं ते.

तुझ्या किम्बलना नमस्कार. माझ्यावरचा लोभ या पत्रानं कमी झाला असेल, तर तसं कळव.

तुझी ताई,
डेल्सा


सेंट जॉर्ज
२३ एप्रिल

ती. ताईस मार्वाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी किम्बलना वाचून दाखवलं. ते म्हणाले, उत्तर लिहिताना हेल्मेट घाल.

माझ्या गाडीला लिमिटेड स्लिप आहे. एक चाक घसरायला लागलं की थोडा जोर आपोआप दुसऱ्याकडे जातो. तुझ्याइतका पक्का लॉक नाही, कबूल. तोही मिळत होता, पण त्याच्याबरोबर पायरी येत नव्हती. दोन्हींतलं एकच घ्या, म्हणाला विक्रेता. तू वाळूचा विचार केलास, मी आईच्या गुडघ्याचा केला. एवढाच फरक.

आणि जळायचा मक्ता काय तुझा एकटीचा? दर रविवारी मी फोन करते, तरी आईच्या तोंडी आधी तुझंच नाव येतं, मग ती सावरून घेते. तिला झोप लागली का, जेवण जातंय का, हे मला तुला विचारावं लागतं. पोटची पोर मी, आणि चौकशी करणार पाहुण्यासारखी! वर्षातला एक दिवस मागितला, तर तोही तुला जड झाला. आपण दोघी दोन्ही गाड्या घेऊन जाऊ. कुणाच्या गाडीत बसायचं ते आईच ठरवू दे.

भांडलीस तरी पत्र टाकत जा, एवढंच मागणं.

तुझी
मार्वा


एस्कलान्टे
३० मे

चि. मार्वास आशीर्वाद.

तीन दिवस पेन हातात घेतेय नि ठेवतेय. सोमवारी, डेकोरेशन डेला, आई माझ्या गाडीकडे न बघता तुझ्या पायरीवर चढली. मागून तुमच्या धुळीत येताना सारखी मनात म्हणत होते, रुतू दे हिची गाडी. आई आत बसलेली, आणि मी हे म्हणत होते!

आणि तू रुतलीस. मागचं एक चाक वाळू उडवतंय, दुसरं जेमतेम हलतंय. मी लॉकचं बटण दाबलं, बाजूनं पुढं निघाले आणि साखळी लावून तुला ओढून काढलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! आरशात तुझा पडलेला चेहरा बघत वर पोचले. त्या नादात लॉक सोडायचा राहिला. लॉक असला की गाडी नीट वळत नाही, हे माझ्या शेतावरच्या गड्यांना मीच शिकवलंय. बाबांच्या थडग्याशी वळवायला गेले, तर नाक सरळच. मागची चाकं गवत खरवडत गेली आणि आईनं बाबांच्या उशाशी लावलेलं पिओनीचं फुलझाड मुळासकट उपटलं. चार कळ्या होत्या त्याला. तू दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं गं.

रोप परत खोचलंय. जगेलसं वाटत नाही. जमलं तर मोठ्या बहिणीला पदरात घे.

डेल्सा


एस्कलान्टे
९ जून

चि. डेल्सा व चि. मार्वा यांस आईचे आशीर्वाद.

दोघींना एकच पत्र लिहिते आहे, नाहीतर कुणाला किती ओळी आल्या ते मोजाल.

मी मार्वाच्या गाडीत बसले, कारण ती वर्षातून दोनदा भेटते आणि डेल्सा रोज. यात पायरीचा काही संबंध नाही. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण तुम्ही मला सोडून सगळ्या जगाला डिफरन्शियल विचारत बसलात.

रोप मेलं. ते तसंही ह्यांना आवडायचं नाही, मुंग्या येतात म्हणायचे.

आता ऐका. त्या वाटेनं मला अजून एकदा जायचंय, आणि परत यायचं नाहीये. शववाहिका ओढ्यापलीकडे चढत नाही. ह्यांनाही आपण पिकअपच्या हौद्यातूनच नेलं. माझी पेटी डेल्साच्या गाडीतून जाईल. तिची गाडी रुतणार नाही, आणि मला मध्येच थांबायचं नाही. वाट खडबडीत आहे, तेव्हा हौद्यात पेटीला धरून मार्वा बसेल. दोघींनाही माझ्याजवळची जागा मिळाली. यापुढे हा विषय बंद.

आई


सेंट जॉर्ज
१५ जून

ती. ताईस नमस्कार.

आईचं पत्र आलं. तुला म्हणून सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडू आलंच नाही. जळफळाट झाला, की तुझ्याच गाडीतून का. कुणाच्या गाडीतून काय न्यायचंय, हे नंतर डोक्यात शिरलं. मग मात्र गाडीत एकटी बसून खूप रडले.

मी शनिवारी येते आहे. रोप आणते, कुठे लावायचं ते तू दाखव. आणि आईला म्हणावं, तिनं वाटून दिलेलं काम मला मान्य आहे. पण त्या कामाला मला इतक्यात सवड नाही. बरीच वर्षं नाही.

तुझी
मार्वा